ज्याचे त्याचे ठोके

हृदयविकारातही आपल्याकडे मानपान असतो. बायपास झालेल्या माणसाला लग्नात पंख्याखालची खुर्ची मिळते, आणि कुणीतरी आवर्जून पाणी आणून देतं. त्याच्या खालोखाल अँजिओप्लास्टीवाले. त्यांच्यातही स्टेंट किती यावरून पोटभेद आहेत. एका स्टेंटचा मालक तीन स्टेंटवाल्यासमोर जरा दबूनच बोलतो. यानंतर आम्ही. "हार्टचं काहीतरी निघालं म्हणे?" असं म्हणत लोक जवळ येतात, आवाज खाली आणून "ब्लॉकेज किती?" विचारतात, आणि "ब्लॉकेज एकही नाही, ठोके अनियमित पडतात" असं सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. "हात्तिच्या, गॅस असेल," म्हणून मंडळी आइस्क्रीमच्या रांगेकडे निघून जातात.

तर या बिनमानाच्या आजाराचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर लोक नुसतं 'एएफ' म्हणतात. टिकून राहणाऱ्या ठोक्यांच्या गोंधळात हा सगळ्यात जास्त आढळणारा. कुणाला छातीत फडफड होते, कुणाला जिना चढताना धाप लागते, कुणी नुसतंच थकतं. आणि कुणाला काहीसुद्धा होत नाही. अशी माणसं मुलानं वाढदिवसाला दिलेल्या घड्याळामुळे सापडतात. मी मोतीबिंदूमुळे सापडलो. डोळ्याच्या ऑपरेशनआधी एक रीत म्हणून कार्डिओग्राम काढला आणि डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, "काका, डोळा थांबू शकतो. आधी हे दाखवून या."

आत काय बिघडलेलं असतं ते मला पुष्कळ वाचून आणि त्याहून जास्त ऐकून असं समजलं आहे. हृदयाला वरचे दोन आणि खालचे दोन असे चार कप्पे. उजवीकडच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक चिमुकला पुंजका असतो, ठोका कधी पडायचा ते तो ठरवतो. 1907 साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी तो शोधून काढला. त्यातला फ्लॅक तेव्हा अजून वैद्यकीचा विद्यार्थीच होता. निरोगी हृदय ही नीट चाललेली हाउसिंग सोसायटी आहे असं धरा. हा पुंजका चेअरमन. तो बोलतो, बाकीचे ऐकतात, काम होतं. एएफ म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. वरच्या मजल्यावरचा प्रत्येक सभासद उठून एकाच वेळी बोलायला लागतो, मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा, आणि त्यात चेअरमनचा आवाज कुठल्या कुठे बुडतो. कप्पा धड आकुंचन पावत नाही, नुसता थरथरत राहतो. हे सगळंच्या सगळं खाली पोहोचलं असतं तर माणूस जागीच आटोपला असता. पण वरच्या आणि खालच्या मजल्यांच्या मध्ये गेटवर एक वॉचमन बसलेला आहे. सुनाओ तवारा या जपानी डॉक्टरनं 1906 मध्ये जर्मनीत मारबुर्गला या गाठीची जागा दाखवून दिली. हा वॉचमन सहाशेतले शंभर-दीडशेच आत सोडतो, तेही मनाला येईल तसे: दोन लागोपाठ, मग थोडा वेळ कुणीच नाही, मग चार घाईघाईनं. म्हणून नाडीचा काही भरवसा राहत नाही.

आजोळच्या जमिनीत मला काही मिळालं नाही. हा आजार मात्र समान वाटणीनं आला. माझ्या पाठोपाठ मामेभावालाही तोच निघाला. एएफ घराण्यात फिरतो हे आता मान्य झालेलं आहे, त्यामुळे आमचे मामा या बाबतीत तरी निःपक्षपाती ठरले. मामेभाऊ पुण्यात, मी ठाण्यात. तो माझ्याहून लहान, मला दादा म्हणतो, आणि कुठल्याही विषयावर मला विचारून माझ्या विरुद्ध निर्णय घेतो. या माणसानं जन्मात कधी पासबुक भरून आणलेलं नाही. गाडीचं पीयूसी कायम संपलेलं. त्याच्या घरातली तिन्ही घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात आणि तो त्यांची सरासरी काढून बाहेर पडतो. मी सगळी नोकरी बँकेत काढली, दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय उठलो नाही. तेव्हा ठोके शिस्तीत यायलाच हवेत असा आग्रह मी धरेन आणि तो म्हणेल चालू द्या, अशी घरच्यांची अटकळ होती. झालं उलटं.

पहिल्या भेटीत हृदयाच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप माझ्या छातीवर ठेवला आणि सिस्टरला मनगट धरायला सांगितलं. दोघांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजलं. सिस्टरचे ओठ हलत होते. डॉक्टरांचे आले 128, सिस्टरचे 102. आमच्या शाखेत असा फरक निघाला असता तर रात्री दहापर्यंत कुणी घरी गेलं नसतं. इथे दोघंही समाधानानं माना डोलावत होती. काही ठोके इतक्या घाईत पडतात की तोवर हृदयात रक्तच भरलेलं नसतं. ते छातीत ऐकू येतात, पण मनगटापर्यंत पोहोचत नाहीत. सव्वीस ठोके वाटेतच जिरले होते. आपल्या शार्ङ्गधरानं नाडीला साप, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या चाली लावून दिल्या आहेत, आणि तिन्ही दोष एकदम बिघडले तर लावा नि तित्तिर या पक्ष्यांची चाल. गवतात तुरुतुरु पळायचं, थबकायचं, पुन्हा पळायचं. हे वर्णन मला कार्डिओग्रामच्या पट्टीपेक्षा जास्त पटलं, पण डॉक्टरांना सांगायचा धीर झाला नाही.

डॉक्टर म्हणाले, "काका, ठोके नीट करायचे की नाही ते नंतर बोलू. आधी गुठळीचं बघू." यातली मेख तिथेच आहे. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटीशी पिशवी लोंबत असते. कप्पा नुसता थरथरत राहिला की त्या पिशवीत रक्त साचून राहतं, त्याची गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूकडे गेली तर अर्धांग. एएफमुळे हा धोका सुमारे पाचपट होतो. झडपांचा आजार नसेल तर दहातल्या नऊ गुठळ्या याच पिशवीत जमतात. धोका किती ते काढायला गुण देतात: रक्तदाबाचा एक, मधुमेहाचा एक, हृदय कमजोर असेल तर एक, पासष्ट ओलांडली की एक, पंचाहत्तर ओलांडली की दोन, आधी पक्षाघात झालेला असेल तर दोन. बाई असल्याचाही एक गुण होता. 2024 मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी तो काढून टाकला. ही म्हणाली, "इतकी वर्षं कशाबद्दल देत होते?" डॉक्टर हसले, पण उत्तर काही दिलं नाही. मला दोन गुण पडले आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली.

या गोळ्यांची थोरली बहीण वॉरफेरिन. तिची जन्मकथा गोठ्यातली आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन भागात गुरं सडक्या क्लोव्हरचा चारा खाऊन रक्तस्राव होऊन मरायची. 1933 च्या फेब्रुवारीत एक शेतकरी भर हिमवादळात मेलेली गाय आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात येऊन उभा राहिला. कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातला दोषी पदार्थ शोधून काढला, पुढे त्याचाच एक भाऊबंद 1948 मध्ये उंदीर मारायला बाजारात आला, आणि 1955 साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांना तोच दिला गेला. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी "अहो, ते उंदराचं औषध आहे" हे मला लिफ्टमध्ये सांगितलं. आयझेनहॉवरचं सांगेपर्यंत त्यांचा मजला आला.

आपल्याकडे या जातीतली ॲसिट्रॉम जास्त चालते. या गोळ्या घेणाऱ्याला आयएनआर नावाची रक्ततपासणी सारखी करावी लागते, तो आकडा बहुतेकांच्या बाबतीत दोन आणि तीनच्या मध्ये ठेवायचा असतो, आणि त्यासाठी सोमवारी एक, मंगळवारी अर्धी, बुधवारी पाऊण असली गणितं घरोघर चालतात. शिवाय पालेभाज्या. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या नेमकं विरुद्ध काम करतं. पालेभाजी खाऊ नका असं कुणी म्हणत नाही. रोज साधारण सारखीच खा म्हणतात. श्रावणात रोज अळू आणि भादव्यात एकदाही नाही, हे चालत नाही. आमच्या मावशी वर्षानुवर्षं ही गोळी घेत होत्या आणि मेथीची जुडी हातात घेऊन जणू वजनकाट्यासमोर उभं राहावं तशा विचार करायच्या. नंतर नव्या गोळ्या आल्या: डाबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅन. यांना ना आयएनआर, ना मेथीचं वावडं. मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोकाही जुनीपेक्षा कमी. सुरुवातीला महाग होत्या, आता देशी कंपन्यांच्या निघाल्यामुळे पेन्शनीत बसतात. मला त्यांतलीच एक मिळाली. सकाळ-संध्याकाळ एकेक, चुकवायची नाही, कारण तिचा अंमल दिवसभरात उतरतो.

इथे थोडं थांबून एक सांगायला हवं, कारण नवं ते चांगलं असं आपल्याला पटकन वाटतं. संधिवाती तापानं झडप आकसलेली असते, त्यातून एएफ होतो, असे रुग्ण आपल्या देशात पुष्कळ आहेत. ती माझ्यासारखी पेन्शनर मंडळी नव्हेत. 2022 मध्ये आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या 24 देशांतल्या साडेचार हजारांवर अशा रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास आला. त्यांचं सरासरी वय पन्नास, आणि दर चारांतल्या जवळजवळ तीन बायका. अर्ध्यांना नवी रिव्हारोक्साबॅन दिली, अर्ध्यांना वॉरफेरिनच्या जातीतली जुनी. नवी सरस ठरेल किंवा निदान बरोबरीला येईल अशी अपेक्षा होती. जुन्या गोळीवर कमी माणसं मेली. तेव्हा घसा दुखून ताप येऊन लहानपणी झडप बिघडलेल्या, शेतात राबणाऱ्या बाईला तालुक्याला जाऊन आयएनआर काढत राहणं भाग आहे, आणि मी इथे चहाबरोबर गोळी गिळून मोकळा होतो. आजार एकच, पण पर्याय सगळ्यांना सारखे वाढलेले नाहीत.

गोळी अजिबात सोसत नसेल, रक्तस्राव होत असेल, तर त्या पिशवीच्या तोंडाला बूच बसवता येतं. मांडीच्या शिरेतून नळी घालून जाळीदार छत्री तिथे उघडतात. अमेरिकेत 2015 मध्ये मान्यता मिळालेल्या या उपकरणाचं नाव काय असावं? वॉचमन! मी डॉक्टरांना म्हटलं, एक वॉचमन आधीच आहे, दुसऱ्याचा पगार कोण देणार. तेव्हापासून ते माझा रिपोर्ट वाचताना जरा सावध असतात.

आता खरा वाद. ठोके अनियमित आहेत तर ते नियमित करायचे, की अनियमितच ठेवून फक्त वेग आवरायचा?

मला वाटायचं यात विचारण्यासारखं काय आहे. बिघडलं तर दुरुस्त करायचं. या मताचा एक मोठा पूर्वज वैद्यकाच्या इतिहासात होऊन गेला आहे आणि तो डॉक्टर नव्हता. 1912 मध्ये कारेल वेंकेबाख या नामवंत डच हृदयतज्ज्ञांकडे एक डच व्यापारी आला. त्याला एएफचे झटके येत. वेंकेबाखनी समजावलं की जिवाला लगेच धोका नाही, पण हे घालवणं माझ्या हातात नाही. व्यापारी म्हणाला, माझ्या धंद्यात मला शिस्त लागते, हृदयातही लागते; तुम्ही लोक मग आहात कशाला? आणि वर म्हणाला, उद्या सकाळी मी नियमित नाडी घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी तो खरंच आला आणि नाडी खरंच नियमित होती. त्यानं मलेरियाचं क्विनाइन घेतलं होतं, एक ग्रॅम. हा गुण त्याचा त्यालाच सापडलेला होता. वेंकेबाखनी इतरांवर करून पाहिलं, थोड्यांनाच लागू पडलं, पण त्यांनी 1914 मध्ये ही हकिगत मोकळेपणानं छापली, आणि त्यातूनच 1918 मध्ये बर्लिनला वॉल्टर फ्रे क्विनिडिनपर्यंत पोहोचले. रुग्णानं डॉक्टरला शिकवलं आणि डॉक्टरनं ते कबूल केलं, अशा दोन्ही गोष्टी एकदम घडल्याची उदाहरणं फार नसावीत.

त्यानंतर ठोके जागेवर आणायची औषधं येत गेली, आणि प्रत्येकाबरोबर काहीतरी आलं. फ्लेकेनाइड चांगली, काही जणांना तर खिशात ठेवून झटका आला की घ्यायला सांगतात. पण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, कमजोर झालेल्या हृदयात तीच ठोके अधिक बिघडवते. अमिओडारोन सगळ्यात जोरकस. तिच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग आयोडीन आहे, त्यामुळे थायरॉइडची वाट लागू शकते, फुप्फुसं आणि यकृत तपासत राहावं लागतं, ऊन सोसत नाही, आणि बंद केली तरी ती महिनोन्महिने अंगातून जात नाही. यातलं काही नको तर भूल देऊन विजेचा झटका. बर्नार्ड लाऊन यांनी 1962 मध्ये ती रीत बसवली. तोच हा माणूस पुढे अण्वस्त्रांविरुद्ध डॉक्टरांची संघटना काढतो आणि त्या संघटनेला 1985 चं शांततेचं नोबेल मिळतं. झटक्यानं ठोके क्षणात जागेवर येतात. आणि पुष्कळांचे काही महिन्यांत पुन्हा निघून जातात.

मग 2002 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या एका अभ्यासानं सगळ्यांना खाली बसवलं. 4060 रुग्ण, सरासरी वय सत्तरीच्या आसपास. निम्म्यांचे ठोके औषधांनी नियमित ठेवायचा प्रयत्न, निम्म्यांचा फक्त वेग आवरला. जगण्यात फरक पडला नाही. पडला असेल तर वेग आवरणारेच किंचित पुढे. आणखी एक दिसलं. पक्षाघात झाले ते बहुतेक अशांना, ज्यांनी रक्त पातळ करायची गोळी बंद केली होती किंवा ज्यांचा आयएनआरचा आकडा अपुरा होता. ठोके जागेवर आले म्हणून लोक निश्चिंत झाले होते.

हे वाचून मला जे बरं वाटलं ते सांगता येत नाही. सभेतला गोंधळ मिटवायच्या भानगडीत न पडता वॉचमनला जरा कडक वागायला सांगायचं, बस. त्यासाठी मेटोप्रोलॉल किंवा डिल्टियाझेम. जुनी डिजॉक्सिनही आहे, तिचं मूळ विल्यम विदरिंगनं 1785 मध्ये ज्याच्यावर पुस्तक लिहिलं त्या फॉक्सग्लोव्हच्या कुळात. आणि वेग किती आवरायचा? 2010 मध्ये 614 रुग्णांवरच्या अभ्यासात निघालं की बसल्या जागी 80 च्या आत आणायची धडपड आणि नुसतं 110 च्या आत ठेवणं, यात परिणामांच्या दृष्टीनं फरक नाही. हा अभ्यास कुठला, तर नेदरलँड्सचा. त्या व्यापाऱ्याला हे कळलं असतं तर तो काय म्हणाला असता देव जाणे.

माझा निर्णय इथेच झाला. अर्थात सगळं श्रेय माझ्या स्वभावाला नाही. इकोमध्ये माझा डावा कप्पा चांगलाच ऐसपैस झालेला दिसला, एएफ कधीपासून आहे याचा पत्ता नाही, मला त्याचा त्रासही फारसा नाही. अशा हृदयात ठोके आणले तरी ते टिकायचे कमी. डॉक्टरांनी हे नीट समजावलं आणि मी जन्मभर ज्या माणसांना 'चालतंय तेवढं चालू द्या' म्हणताना नाकं मुरडली त्यांच्या पंगतीला जाऊन बसलो. जुळत नसलेला हिशेब अंगावर घेऊन रात्री स्वस्थ झोपतो. वेग आवरायच्या गोळीनं सुरुवातीला हातपाय गार पडायचे, जिना चढताना पाय उचलायला सांगावं लागायचं; मग डोस बदलला.

मामेभावाचं वेगळं. त्याला झटके यायचे आणि जायचे, आणि आले की तो कासावीस व्हायचा. "दादा, छातीत पाल पडल्यासारखं होतं रे," असं रात्री अडीचला फोन करून सांगायचा. वय कमी, कप्पा आटोपशीर, आजार नवा. 2020 मध्ये युरोपातल्या 2789 रुग्णांवरचा अभ्यास आला होता: निदान होऊन वर्ष उलटलं नसेल तेव्हाच ठोके नियमित करायच्या मागे लागलं तर मृत्यू, पक्षाघात आणि हृदयाची इतर दुखणी मिळून कमी होतात. म्हणजे 2002 चा निकाल अगदी फिरला असं नाही, पण त्याला वयाची आणि वेळेची अट लागली. त्याच्या डॉक्टरांनी अब्लेशन सुचवलं. बेशिस्तीत हयात घालवलेला हा गृहस्थ मला फोनवर म्हणाला, "निदान हृदय तरी वेळेवर चालू दे."

अब्लेशनचं मर्म 1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला सापडलं. मिशेल हाइसाग्वेर आणि त्यांच्या मंडळींनी 45 रुग्णांमध्ये शोधलं की गोंधळ सुरू करणारे ठोके निघतात कुठून, आणि शंभरातले 94 निघाले फुप्फुसांकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या चार शिरांच्या तोंडातून. सभेत पहिली खुर्ची फेकणारे कुठल्या विंगमध्ये राहतात ते कळलं. मग त्या विंगभोवती भिंत घालायची. मांडीच्या शिरेतून वर जायचं, दोन वरच्या कप्प्यांमधला पडदा सुईनं भेदून डावीकडे उतरायचं आणि प्रत्येक शिरेच्या तोंडाभोवती पेशींचं वर्तुळ निकामी करायचं. उष्णतेनं, फुग्यातल्या थंडीनं, किंवा अलीकडे सूक्ष्म विद्युतस्पंदांनी. झटके येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रकारात वर्षभरानंतर साधारण दहातले सात जण बरे राहतात, कायम ठाण मांडलेल्या एएफमध्ये त्याहून कमी. शंभरात एखाद्याच्या हृदयाभोवती रक्त साठतं, क्वचित पक्षाघात होतो. खर्च काही लाखांत.

ऑपरेशननंतर मी भेटायला गेलो तर तो पाय सरळ ठेवून उताणा पडलेला होता आणि उठता येत नाही म्हणून ज्याला-त्याला जवळ बोलावून आपल्या शिरांचं वर्णन ऐकवत होता. दोन आठवड्यांत पुन्हा फडफड सुरू झाली. घरचे घाबरले. डॉक्टर म्हणाले, पहिले दोन-तीन महिने धरायचे नाहीत, सूज उतरू द्या. ही सवलत मला फार आवडली. पुढे खरोखरच शांत झालं. वर्षभरानं भाचीच्या लग्नात दोन पेग झाले आणि रात्री स्वारी पुन्हा आपत्कालीन विभागात. सणासुदीच्या पिण्यानंतर येणाऱ्या या झटक्यांवर 1978 पासून लेख आहेत. पण एकूण फोन कमी झालेत, अडीचचा तर बंदच झाला. तो आता दुसऱ्यांदा करून घ्यायचं म्हणतो.

हे सगळं मनाचे खेळ तर नव्हेत? अशी शंका मी घेतली होती, कारण लाखो रुपये मोजले की माणसाला बरं वाटायलाच लागतं. तीच शंका इंग्लंडमधल्या डॉक्टरांनाही आली. त्यांनी 126 रुग्णांपैकी अर्ध्यांना खरं अब्लेशन केलं आणि अर्ध्यांना गुंगी देऊन नुसतं सोंग केलं. 2024 मध्ये निकाल आला: सोंगवाल्यांनाही थोडं बरं वाटलं, पण खऱ्याचा गुण स्पष्टच जास्त. मामेभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "सोंग करायचं तर बिल अर्धं लावलं का?"

मावशींचा मार्ग आणखी निराळा. ऐंशी ओलांडलेली, वेग कुठल्याही गोळीला जुमानेना, अब्लेशन झेपणार नाही. त्यांना पेसमेकर बसवला आणि मग मधल्या वॉचमनलाच कायमची रजा दिली. वर सभा चालूच आहे, खाली तिची बातमीच पोहोचत नाही, पेसमेकर मोजून ठोके देतो. आम्हा तिघांत आज सगळ्यात नियमित नाडी त्यांची आहे, आणि ती यंत्राची आहे. गुठळीची गोळी त्यांनाही चुकलेली नाही.

फुकटातले पर्याय मात्र कुणालाच आवडत नाहीत. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला 2015 मध्ये दिसलं की ज्यांनी दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरवून टिकवलं ते सहापट प्रमाणात एएफमुक्त राहिले. घोरण्यात श्वास अडकत असेल तर त्यावर इलाज करा, दारू सोडा, रक्तदाब सांभाळा. माझ्या घोरण्याची साक्ष हिनं डॉक्टरांसमोर इतक्या तपशिलात दिली की त्यांनी लिहायचं थांबवून पेन खाली ठेवलं. योगासनांनी झटके कमी होतात हे 2013 मध्ये कॅन्ससला 49 जणांवर दाखवलं गेलं. आमच्याकडे तळमजल्यावर रोज सकाळी योगवर्ग भरतो, त्याला मी गेलो नव्हतो. कॅन्ससचं वाचल्यावर जायला लागलो.

राहिला चहा-कॉफीचा प्रश्न. ठोक्यांचं दुखणं म्हटलं की पहिली कुऱ्हाड कपबशीवर पडते. मामेभावाच्या बायकोनं घरातून कॉफी हद्दपार केली होती. 2025 च्या शेवटी एक अभ्यास आला. झटका देऊन ठोके जागेवर आणलेले 200 कॉफीबाज घेतले, निम्म्यांना रोज एक कप तरी प्या म्हणून सांगितलं, निम्म्यांना पूर्ण बंद. सहा महिन्यांत पिणाऱ्यांमध्ये एएफ परतला 47 टक्के, सोडणाऱ्यांमध्ये 64. मी तो कागद छापून पुण्याला पाठवला आणि एक प्रत इथे जेवणाच्या टेबलावर ठेवली. पुण्यात त्याच संध्याकाळी फिल्टर माळ्यावरून खाली आलं. आमच्याकडे हिनं चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "अहो, हे कॉफीचं आहे. तुम्ही चहा पिता." आणि साखर अर्धा चमचा कमी घातली.